गृहारोग्य-विचार : वारेचें कार्य आणि अंगणांतील ऊन

गर्भवतीस सुश्रुतसंहितेंत चौथ्या महिन्यापासून ‘द्विहृदया’ म्हटलें आहे. एका देहांत दोन हृदयें, म्हणून एका पथ्यांत दोघांचें हित, हा त्यांतील बोध. परंतु या दोन जीवांमध्यें राबणारा एक अवयव आहे; त्याची ओळख आपल्या घरांतून फारशी नसते. तो म्हणजे वार, संस्कृतांत ‘अपरा’.

वार ही केवळ अन्न पोंचविणारी वाट, असा सामान्य समज आहे. वस्तुतः ती संप्रेरकेंही निर्माण करते. संप्रेरक म्हणजे रक्तांतून जाऊन दूरच्या अवयवास कार्याची प्रेरणा देणारें द्रव्य. गर्भ टिकवून धरणारें प्रोजेस्टेरोन प्रारंभीं अंडाशयांतून मिळतें. सुमारें सातव्या ते दहाव्या आठवड्यांत तें काम वार आपल्याकडे घेते. पुढें इस्ट्रोजेनही मुख्यतः तिच्याकडूनच येतें.

आतां ड जीवनसत्त्वाकडे वळूं. नांवानें जीवनसत्त्व असलें, तरी अंतिम रूपांत तें स्वतःच एक संप्रेरक आहे. ऊन त्वचेवर पडलें कीं तें तेथें बनतें. मग यकृतांत त्यावर एक संस्कार होतो, मूत्रपिंडांत दुसरा, आणि तेव्हां कोठें तें कार्यक्षम होतें. हा दुसरा संस्कार मानवी वारेंतही होतो, हें १९७९ सालीं सिद्ध झालें. पुढें २००७ मध्यें मेक्सिकोंतील संशोधकांनीं वारेच्या पेशींस प्रयोगशाळेंत हें द्रव्य दिलें, तेव्हां त्यांतून इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन अधिक स्रवूं लागलें. मात्र काचपात्रांतील पेशी म्हणजे गर्भवती स्त्री नव्हे, हा विवेक सुटतां कामा नये.

हाडांविषयींचा पुरावा मात्र जुना आहे, आणि आपल्या दारचा आहे. १९२२ सालीं हचिसन व शाह यांनीं नाशिकच्या मुलांतील मुडदुसाविषयीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. खाऊनपिऊन सुखी, परंतु पडद्यांत राहणाऱ्या घरांतील मुलांस हा रोग होई. निकृष्ट अन्नावर राहून उन्हांत राबणाऱ्या मजूर स्त्रियांचीं मुलें त्यापासून मुक्त असत. उणीव ताटांतली नव्हती, प्रकाशाची होती. आज पडदा गेला. पण बंद खिडक्यांची सदनिका आणि दिवसभराची कचेरी यांनीं त्याची जागा घेतली आहे. काचेंतून येणारें ऊन या कामीं निरुपयोगी, कारण आवश्यक ते किरण काच अडविते.

गर्भाच्या हाडांत जन्मापर्यंत सुमारें ३० ग्रॅम कॅल्शियम सांठतें, आणि त्यांतील बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. ड जीवनसत्त्वाचा सांठा बाळास आईकडूनच मिळतो. आईचें भांडें रिकामें, तर बाळाचेंही रिकामें.

मग करावें काय? कोवळें ऊन उत्तम, ही आपली समजूत येथें अपुरी पडते. आपली सांवली आपल्या उंचीहून आंखूड असते, तेव्हांच्या उन्हांत हे किरण पुरेसे असतात. अशा वेळीं हात व पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावें आणि त्वचा भाजण्यापूर्वीं उठावें. सांवळ्या वर्णास वेळ अधिक लागतो. शाकाहारी अन्नांत हें सत्त्व अत्यल्प. ड जीवनसत्त्व मिसळलेलें दूध मिळत असल्यास घ्यावें.

औषधाविषयीं दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रत्येक गर्भवतीस सरसकट ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस केली नाहीं; उणीव असेल तेथें मात्र तें द्यावें असें सांगितलें. म्हणून शेजारणीच्या सल्ल्यानें गोळी घेऊं नये, आणि डॉक्टरांनीं दिलेली टाळूंही नये. विशेषतः ६०,००० एककांची पुडी आठवड्यास एक सांगितली असतां ती रोज घेतली जाणार नाहीं, इकडे घरांतील वडीलधाऱ्यांनीं लक्ष द्यावें. अतिरेकानें रक्तांतील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस अपाय होतो.

डोहाळजेवणाचा थाट आपण हौसेनें करतों. त्याच हौसेनें सुनेच्या दिवसांतील अर्धा तास कामांतून मोकळा करून तिला गच्चीवर जाऊं द्यावें; यास खर्च कांहींच नाहीं. पुढील मासीं लोहाचा विचार करूं.