मंदीचा सौदा आणि व्यापाऱ्याची पत

गेल्या दिवाळीत पेढीवरील वहीपूजन आटोपून आम्ही अनगोळास घरी परतलो, तोच एका स्नेह्यांचे चिरंजीव हाती कागद घेऊन आले. वडिलांच्या भुसारी पेढीवर बसणारा हा होतकरू तरुण. कागदावर निफ्टीच्या वायद्यात मंदी करण्याची योजना मांडलेली होती. “काका, शेअरबाजार फार चढला आहे, तो पडणारच. 2 लाख अनामत भरली की 15 लाखांचा सौदा विकता येतो,” असे तो म्हणाला. हे 2 लाख कोठून आणणार, असे विचारता उत्तर मिळाले, “पेढीतूनच; शेतकऱ्यांच्या पट्ट्या चुकत्या करावयास अजून पंधरा दिवस आहेत.”

मंदी करणे हेच मुळी पाप, असे आमचे मत नाही. ज्याच्या वखारीत माल भरलेला आहे, त्याने भाव उतरण्याच्या भीतीने तेवढाच माल वायद्यात विकून ठेवला, तर तो विमाच होय. एका हाताने गेले तर दुसऱ्या हाताने बहुतांशी भरून येते. ज्याच्यापाशी 15 लाखांचे निवडक शेअर आहेत, त्याने तितकाच निर्देशांक विकला, तर त्यासही हाच न्याय लागू पडतो. परंतु या तरुणाजवळ एकही शेअर नव्हता. रिकाम्या वखारीच्या जोरावर माल विकणे, यास आमच्या पेढ्यांवर पूर्वीपासून सट्टा म्हणतात.

अंदाज बरोबर ठरला म्हणजे पैसा मिळतोच, हा दुसरा भ्रम. 3 जून 2024 रोजी मतदानोत्तर चाचण्यांच्या भरात निफ्टी 3 टक्क्यांहून अधिक चढला. 15 लाखांची मंदी केलेल्याचे एका दिवसात 45 हजारांवर गेले. वायद्याचा हिशेब रोजच्या रोज चुकता करावा लागतो. अनामत उणी पडली की दलाल भर मागतो, आणि ती न दिल्यास उभा सौदा कापतो. दुसऱ्याच दिवशी निकाल लागले व निर्देशांक सुमारे 6 टक्के कोसळला. ज्याचा सौदा आदल्या दिवशी कापला गेला असेल, त्याचा अंदाज खरा ठरूनही तो बुडालाच.

याहून कठीण प्रसंग 18 मे 2009 चा. लोकसभेच्या निकालानंतरच्या त्या सोमवारी निफ्टी 17 टक्क्यांहून अधिक उसळला आणि व्यवहार थांबवावे लागले. मंदीवाल्यास बाहेर पडावयास वाट उरली नाही. 15 लाखांवर हा तोटा अडीच लाखांच्या वर जातो. म्हणजे अनामत तर गेलीच, वर कर्ज झाले. घेणाऱ्याचा तोटा भाव शून्यावर येईपर्यंतच; विकणाऱ्याच्या तोट्यास कमाल मर्यादा नाही. सेबीने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत शेअरांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांतील 100 पैकी 93 वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटाच झाला.

श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे. मिळकतीस मर्यादा घालणारे हे व्रत जोखमीसही लावावे, असे आम्हांस वाटते. म्हणून त्या तरुणाच्या कागदावर आम्ही तीन ओळी लिहिल्या : जवळ शेअर असतील तेवढ्याचीच मंदी करावी, किती तोट्यास बाहेर पडावयाचे ते सौद्यापूर्वी लिहून ठेवावे, आणि शेतकऱ्याच्या पट्टीचा एक रुपयाही त्यात घालू नये. पहिल्या दोन ओळी मोडल्यास पैसा जाईल. तिसरी मोडल्यास आजोबांपासून चालत आलेली पत जाईल, आणि पत कोणत्याही वायद्यात परत मिळत नाही.

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. पटले की नाही ते सांगितले नाही. असे कागद आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी लिहिले जात असतील. व्यापारीबंधूंनी ते रागावून फाडू नयेत. मुलांस जवळ बसवून हिशेब पुरा करून दाखवावा, एवढीच विनंती.