पाहुणा कारखाना

मंडळी, मोबाइल फोनचे कारखाने चीनमधून आपल्याकडे येताहेत, ह्या बातम्या आता रोजच्याच झाल्या आहेत. बातमी आनंदाचीच आहे. तरुण पोरापोरींना काम मिळतंय, त्यात वाईट वाटण्यासारखं काय? पण पस्तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कोणी "आला" म्हणालं, की "कुठून निघाला आणि का निघाला?" हे विचारल्याशिवाय राहवत नाही. तर आज नोकियाचं उदाहरण घेऊ. त्या कंपनीचा फोन एकेकाळी आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात होता.

जर्मनीत बोखुम नावाचं शहर आहे. (रुरचं खोरं, कोळसा आणि पोलाद... शाळेत पाठ केलेलं आठवत असेल!) खाणी बंद पडल्यावर ह्या शहराला जे थोडे आधार उरले, त्यांत नोकियाचा कारखाना होता. 15 जानेवारी 2008 रोजी कंपनीने जाहीर केलं, की हा कारखाना बंद करून काम रुमानियात नेणार. कारण सांगितलं, इथला खर्च परवडत नाही. सुमारे 2300 नोकऱ्या जाणार होत्या. आधीच्याच वर्षी, म्हणजे 2007 मध्ये, कंपनीला सात अब्ज युरोंहून अधिक नफा झाला होता. शिवाय ह्या कारखान्यासाठी तिने जर्मन सरकारकडून कोट्यवधी युरोंचं अनुदान घेतलेलं होतं. लोक संतापले, हजारो माणसं रस्त्यावर आली. पेअर श्टाइनब्र्युक हे तेव्हाचे अर्थमंत्री. त्यांनी ह्याला 'काफिल्याची भांडवलशाही' म्हटलं. काही पुढाऱ्यांनी तर आपले नोकियाचे फोन परत केले. पण कारखाना गेला तो गेलाच.

इथे थांबलो, तर ही जर्मन कामगाराच्या दुःखाची गोष्ट होईल. पण रुमानियातल्या माणसालाही पोट आहे. क्लुजजवळच्या जुकू गावात 2008 मध्ये नवा कारखाना सुरू झाला, तेव्हा तिथे आनंदच झाला असणार. त्या आनंदाला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. मात्र सप्टेंबर 2011 मध्ये कंपनीने तोही कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुटे भाग पुरवणारे आशियात, मोठा बाजार आशियात, मग जुळणीही तिकडेच बरी! तिथे सुमारे 2200 माणसं कामावर होती. चार वर्षंसुद्धा पुरती झाली नाहीत.

आणि आशियात तरी काय झालं? चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा कारखाना 2006 मध्ये सुरू झाला. आसपासच्या खेड्यांतल्या हजारो मुली तिथे कामाला लागल्या. पुढे स्मार्टफोनच्या शर्यतीत नोकिया मागे पडली. एप्रिल 2014 मध्ये तिचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टने घेतला, पण कराच्या वादामुळे चेन्नईचा कारखाना त्या व्यवहारातून बाहेर राहिला. काही महिने कंत्राटावर काम चाललं आणि 1 नोव्हेंबर 2014 रोजी तोही बंद पडला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट फोनची जुळणी व्हिएतनामात एकवटत होती. म्हणजे जर्मनी, रुमानिया, भारत... प्रत्येक ठिकाणी कारण थोडं वेगळं, शेवट मात्र एकच.

कोणी म्हणेल, "गुरुजी, धंदा म्हटला की हे चालायचंच." मान्य. कंपनी म्हणजे धर्मशाळा नव्हे. जिथे स्वस्त पडेल तिथे ती जाणार, आणि त्यामुळेच तुमच्या-माझ्या हातात स्वस्त फोन येतो. माझी तक्रार कंपनीपेक्षा यजमानाबद्दल आहे. पाहुणा कायमचा राहणार नाही हे ठाऊक असताना त्याला जमीन, वीज, करसवलत सगळं देऊन आपण त्याच्याकडून नेमकं काय मागतो?

माझा एक जुना विद्यार्थी आयटीआय करून पुण्याजवळच्या एका टीव्हीच्या कारखान्यात लागला होता. कारखाना बंद झाला तेव्हा तो चाळिशीत होता. मिळालेले पैसे घराच्या कर्जात गेले. मला म्हणाला, "सर, पैशाचं दुःख नाही. अठरा वर्षं एकाच जागी उभं राहून तेच सहा स्क्रू बसवले. दुसरं काही यावं म्हणून कोणी शिकवलंच नाही." मला वाटतं, ह्या सगळ्या प्रश्नाचं मर्म त्याच्या ह्या बोलण्यात आहे.

ह्याच्या उलट तैवान बघा. 1966 मध्ये त्यांनी काओश्युंगला निर्यातीसाठी खास विभाग उघडला, तेव्हा त्यांच्याकडेही स्वस्त हातांशिवाय फारसं काही नव्हतं. पण 1976 मध्ये त्यांच्या सरकारी संशोधन संस्थेने अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी करार करून चिप बनवण्याचं तंत्र घेतलं. आपले तरुण इंजिनिअर शिकायला अमेरिकेला पाठवले. 1987 मध्ये टीएसएमसी उभी राहिली. आज जगातल्या सर्वांत प्रगत चिप तिथे बनतात. गंमत म्हणजे त्याच आरसीएच्या नावाचा तैवानमधला ताओयुआनचा कारखाना 1992 मध्ये बंद पडला, आणि जाताना दूषित भूजल मागे ठेवून गेला. पाहुणा गेला, पण घरच्यांनी तोवर विद्या घेतली होती.

आपण काय करतो? वेदांत-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प 2022 मध्ये तळेगावऐवजी गुजरातेत जायचं ठरलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! कोणामुळे गेला, कोणी जास्त सवलती दिल्या, ह्यावर दिवसच्या दिवस वाद झाले. बदल्यात काय मागितलं होतं, हे विचारणारा आवाज मला तरी फारसा ऐकू आला नाही. पुढे जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंगच काढून घेतलं. आणि डिसेंबर 2021 मध्ये श्रीपेरुंबुदूरच्या आयफोन जुळणीच्या कारखान्यातल्या मुलींना वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली. दीडशेहून अधिक जणींना रुग्णालयात न्यावं लागलं. तेव्हा कुठे त्या कशा राहतात, हे देशाला कळलं.

माझ्या मते जनतेच्या पैशातून सवलत द्यायची, तर तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात आणि तो करार सर्वांना वाचता यावा. एक, किती वर्षं राहणार आणि आधी निघाल्यास किती परत देणार. दोन, कामगाराला कामाच्या वेळेत पुढचं शिक्षण, म्हणजे स्क्रू बसवणारी मुलगी पाच वर्षांत यंत्र दुरुस्त करू शकली पाहिजे. तीन, सुटे भाग इथल्या लहान कारखानदारांकडून घेण्याचं प्रमाण दरवर्षी वाढलं पाहिजे.

असं मागितलं तर पाहुणा शेजारच्या राज्यात जाईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच सर्व राज्यांनी मिळून ते मागायला हवं. नाहीतर आपल्या मुलांच्या कमी पगारालाच आपण देशाचं बलस्थान म्हणत राहू. आणि त्यांचा पगार जरा वाढला, की कारखाना पुढच्या गावी निघेल.