शिक्षा केव्हा संपते?

न्यायालय शिक्षा देते ती मोजून देते. सहा महिने, तीन वर्षे, दहा वर्षे. ती भोगून माणूस तुरुंगाबाहेर आला की कायद्याचे देणे फिटले, असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्याच दिवसापासून त्याची दुसरी शिक्षा सुरू होते. तिची मुदत कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते.

सरकारी नोकरीसाठी निवड झालेल्या उमेदवाराला चारित्र्य पडताळणीचा नमुना भरून द्यावा लागतो. आपणास कधी अटक झाली होती काय, आपल्यावर खटला चालला होता काय, शिक्षा झाली होती काय, असे प्रश्न त्यात असतात. खरे लिहावे तर नोकरी हातची जाण्याची भीती. लपवावे तर लपवल्याचाच ठपका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात या पेचाचा विचार केला. माहिती खरीच दिली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. तथापि तरुणपणी घोषणा दिल्यासारख्या किरकोळ प्रकरणाकडे नियोक्त्याला दुर्लक्ष करता येते, असेही म्हटले. येथे ‘करता येते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ते नियोक्त्याच्या इच्छेवर राहिले. उमेदवाराचा तो हक्क झाला नाही. संशयाचा फायदा मिळून सुटलेल्यांनाही पोलीस दलासारख्या नोकरीत नकार मिळू शकतो, मग शिक्षा झालेल्याची काय कथा?

हाच कायदा अन्यत्र मात्र मुदत ठरवून देतो. कारावास भोगणाऱ्याला मतदान करता येत नाही. सुटल्यावर तो हक्क परत मिळतो. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांहून कमी नसलेली शिक्षा झाली असेल, तर दोषी ठरल्यापासून पाच वर्षे पारपत्र नाकारता येते. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही; नंतर तो पुन्हा उभा राहू शकतो. म्हणजे कायदे करणाऱ्या सभागृहात बसायला सहा वर्षांची वाट पुरेशी आहे आणि कार्यालयात शिपाई व्हायला किती वर्षे थांबावे, हे सर्वांसाठी सांगणारा कायदाच नाही. ही विसंगती मला सर्वांत अधिक खटकते.

आपल्या कायद्याला क्षमेची वाट ठाऊकच नाही, असे नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यान्वये चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही, गंभीर गुन्ह्यांतील काही अपवाद वगळता, मुलांना असेच संरक्षण दिले आहे.

पण कायदा बदलला तरी लोकांच्या मनातला शिक्का पुसला जाईलच असे नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या मुक्त झाल्या आणि ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. मात्र गावात चोरी झाली की पहिला संशय त्यांच्याच पालांकडे वळत राहिला. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. ज्यांनी काही केलेच नव्हते त्यांची ही गत, तर ज्याच्या नावावर खरोखरच गुन्हा नोंदला आहे, त्याला घर भाड्याने कोण देणार? त्याच्या मुलीचे लग्न कसे जमणार?

याला दुसरी बाजू आहे. लहान मुलांची देखभाल किंवा बँकेची तिजोरी कोणाच्या हाती द्यावी, हे पाहताना पूर्वेतिहास विचारणे गैर नाही. ज्याचे नुकसान झाले, त्याला विसरा म्हणण्याचा अधिकारही कोणाला नाही. ब्रिटनने १९७४ च्या कायद्यात यातून मार्ग काढला. शिक्षेनंतर ठरावीक काळ नवा गुन्हा घडला नाही, तर जुनी दोषसिद्धी बहुतेक नोकऱ्यांसाठी संपली असे मानावयाचे. जोखमीची कामे आणि मोठ्या शिक्षा तेवढ्या वगळावयाच्या. असा कायदा आपल्याकडेही व्हावयास हवा.

आज देशातील कित्येक तुरुंगांत बंदिजन मुक्त विद्यालयाच्या परीक्षांना बसतात. दहावी, बारावीचे प्रमाणपत्र घेऊन ते बाहेर येतील आणि नोकरीचा अर्ज भरू लागतील. त्यांतील बहुतेकांचे शिकण्याचे वय केव्हाच उलटलेले असेल, आणि तरीही ते शिकलेले असतील.