नोकरीचा अर्ज आणि आठ कोटी डॉलर

जानेवारी २०१५ मध्ये ढाक्यातील बांगलादेश बँकेच्या, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या, काही कर्मचाऱ्यांना एक विनम्र ई-मेल आला. कोणी एक उमेदवार नोकरीच्या शोधात होता. सोबतच्या दुव्यावर आपली माहितीपत्रिका आहे, ती कृपया पाहावी, एवढीच त्याची विनंती होती. एका तरी कर्मचाऱ्याने तो दुवा उघडला. उमेदवार नव्हताच आणि नोकरीही कोणाला नको होती. चोर मात्र आत शिरले आणि वर्षभर कुठलाही गाजावाजा न करता बँकेच्या संगणकांतून वावरत, कोणाचे काम कोणते आणि पैसे पाठवण्याची रीत कशी, याचा अभ्यास करीत राहिले.

४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री त्यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे बांगलादेश बँकेच्या नावाने ३५ आदेश धाडले. मागणी सुमारे ९५ कोटी डॉलरची होती. मुहूर्तही कसा साधला होता पाहा! शुक्रवारी ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवारी न्यूयॉर्क बंद, सोमवारी मनिलामध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. व्यवहारांची नोंद आपोआप छापणारे यंत्रही चोरांनी आधीच निकामी करून ठेवले होते. श्रीलंकेत पाठवायच्या दोन कोटी डॉलरच्या आदेशात ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकले आणि त्यावरून वाटेतल्या बँकेला शंका आली. एखाद्या शाळामास्तराने लाल शाईने गोल करावा, तशी ती चूक हेरली गेली. तरीही ८ कोटी १० लाख डॉलर मनिलामार्गे गेलेच. एका गरीब राष्ट्राच्या तिजोरीला पडलेले हे भगदाड कोणत्या सुरुंगाने पाडलेले नव्हते. सौजन्याने लिहिलेल्या चार ओळींनी ते पाडले.

ढाका दूर वाटत असेल, तर पुण्याकडे वळू. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, असाच घाला पडला. ११ ऑगस्टला अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतातून आणखी अडीच कोटी आणि १३ ऑगस्टला हाँगकाँगमधील एका खात्यात जवळजवळ १४ कोटी. एकूण हानी ९४ कोटींची. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या दरोड्याचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले, ते प्रामुख्याने एटीएमसमोर उभे राहून नोटा काढणाऱ्या साखळीतले होते. सूत्रधार आपल्या देशाबाहेर, आपल्या कायद्याच्या हाताबाहेर राहिले. सहकाराच्या चळवळीतून आणि मध्यमवर्गीयांच्या ठेवींतून उभ्या राहिलेल्या संस्थेवर एका परकीय सत्तेचे हस्तक दूर बसून हात टाकू शकतात, ही गोष्ट आर्थिक गुन्ह्यांच्या पानावर दडवून ठेवण्याजोगी नाही. ती राष्ट्रीय सुरक्षेचीच बाब आहे.

मात्र ‘राष्ट्रीय सुरक्षा’ म्हटले की आपण दिल्लीकडे पाहतो आणि निश्चिंत होतो. या युद्धात सीमा आपल्या दिवाणखान्यापर्यंत आलेली आहे, याचे भान अजून पुरेसे आलेले नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत भारतीयांनी २२,८४५ कोटी रुपये गमावले. २०२३ चा आकडा ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिप्पट! लुटले गेलेले हे सारे लोक अडाणी किंवा लोभी होते काय? लॉटरी लागल्याच्या ई-मेलला भुलणारा लोभी असेल. परंतु आज सर्वाधिक पोळला जातो तो पापभीरू, कायदा पाळणारा, सरकारी शिक्का दिसला की उभा राहणारा माणूस. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत’ असा फोन येतो, मागोमाग न्यायालयाच्या वा तपासयंत्रणेच्या नावाचे बनावट पत्र येते, पडद्यावर गणवेशातला ‘अधिकारी’ दिसतो आणि आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला निवृत्त गृहस्थ थरथरत आपल्या मुदतठेवी मोडतो. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची तरतूदच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्वतः सांगितले आणि थांबा, विचार करा, मग कृती करा, असा मंत्रही दिला. तरीही त्यानंतर दोनच महिन्यांत मुंबईतील ८६ वर्षांच्या एका आजींभोवती हे जाळे पडले. मार्च २०२५ पर्यंत त्यांचे वीस कोटींहून अधिक रुपये गेले होते.

आमच्या वाचकांना थोडे टोचेल असेही काही सांगणे भाग आहे. भय आणि लोभ यांप्रमाणेच देशभक्तीचाही गळ टाकला जातो. मार्च २०२० मध्ये ‘पीएम केअर्स’ निधीची घोषणा होताच त्याच्या खऱ्या यूपीआय पत्त्यातले एकच अक्षर गाळून बनावट पत्ता फिरवण्यात आला. दिल्ली पोलिसांनी तो उघड केला, बँकेने तो बंदही केला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर देश संतापाने पेटलेला असताना, ‘हल्ल्यावर सरकारने केलेली कारवाई’ अशा मथळ्याच्या फाइली शासकीय आणि संरक्षण विभागांतील लोकांना लक्ष्य करून पाठवल्या गेल्या. त्यामागे पाकिस्तानशी संबंधित टोळी होती आणि हे उघडकीस आणण्याच्या कामात पुण्यातील अभियंत्यांचाही वाटा होता. आपल्याच हुतात्म्यांच्या शोकाचे आवरण चढवून शत्रूने विष पाठवले. अशा वेळी ‘राष्ट्रकार्य’ म्हणून आलेला प्रत्येक दुवा, प्रत्येक मदतनिधीचा चौकोनी क्यूआर, शहानिशा न करता पुढे ढकलणारा आपला कार्यकर्ता नेमके कोणाचे काम करीत असतो? ज्याने पाठवले तो आपला आहे, हे पुरेसे नाही. त्याला कोणी पाठवले, हे विचारायला हवे. मे २०२५ मधील संघर्षाच्या काळात पंधरा लाखांहून अधिक सायबर हल्ले झाल्याचे आणि त्यांतले केवळ दीडशेच यशस्वी झाल्याचे महाराष्ट्र सायबरने सांगितले. या आकड्याचा अभिमान वाटतो. पण त्या दीडशेंमधला एखादा कोणाच्या बोटाने आत आला असेल?

उपाय फार अवघड नाहीत, कंटाळवाणे मात्र आहेत. रिझर्व्ह बँकेने बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता ठरवला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे स्थलांतर करण्यास सर्व बँकांना सांगितले. म्हणून पत्त्याचे शेपूट नीट वाचावे. त्यापेक्षाही बरे म्हणजे ई-मेलमधल्या दुव्यावरून बँकेत जाऊच नये. ओटीपी कोणालाही सांगू नये, हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की ते ऐकू येईनासे झाले आहे. तरी ते खरेच आहे. ई-मेलचा परवलीचा शब्द बँकेच्या शब्दाहून वेगळा असावा, कारण ज्याच्या हाती ई-मेल लागला त्याच्या हाती बाकी सारे खातेवही लागते. कोणाच्या सांगण्यावरून दूरस्थ नियंत्रणाचे ॲप मोबाइलवर घेऊ नये.

आणखी एका गोष्टीची चर्चा वस्त्यांत आणि महाविद्यालयांत व्हायला हवी, ती म्हणजे भाड्याने दिलेली खाती. चार-पाच हजार रुपयांसाठी आपले बँक खाते, सिमकार्ड कोणा ‘ओळखीच्या’ माणसाला वापरायला देणारा तरुण स्वतःला गुन्हेगार समजत नाही. पण त्याच्या खात्यातूनच एखाद्या आजोबांचे आयुष्यभराचे संचित पुढे सरकते आणि पोलीस प्रथम पोहोचतात ते त्याच्याच दारी. परदेशातील नोकरीच्या जाहिरातींचेही तसेच. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणावे लागले. चांगल्या पगाराच्या आमिषाने गेलेल्या या तरुणांना म्यानमारच्या सीमेवरील कोंडवाड्यांतून हाच फसवणुकीचा धंदा करावा लागत होता. जो फोन आपल्याला येतो, त्याच्या पलीकडे कधी कधी आपलाच एखादा बंदिवान मुलगा असतो.

एकत्र कुटुंबात पूर्वी पोस्टमन तार घेऊन आला की ती सर्वांच्या समोर फोडली जाई. आज प्रत्येकाची तार त्याच्या एकट्याच्या हातात येते, आणि ‘कोणाला सांगू नका’ हेच ठगाचे पहिले वाक्य असते. त्या मुंबईच्या आजी दिवसेंदिवस खोलीबाहेर येईनाशा झाल्या, तेव्हा ते प्रथम खटकले घरकाम करणाऱ्या बाईंना. त्यांनी मुलीला सांगितले. फसवले गेलेल्याला ‘एवढे शिकून तुम्हाला कळले कसे नाही?’ असे विचारणारी मुले-सुना घरोघरी आहेत, आणि त्या प्रश्नाच्या धास्तीनेच कित्येक वडीलधारी माणसे गप्प राहतात. तेवढ्या वेळात पैसा तीन-चार खात्यांतून पार होतो. १९३० या क्रमांकावर तक्रार पहिल्या काही तासांत पोहोचली, तर रक्कम वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते. उशीर होईल तशी ती आटत जाते. हा क्रमांक फ्रिजवर, देवघराच्या बाजूला, आजोबांच्या चष्म्याच्या डबीत, जिथे दिसेल तिथे मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा. आणि आजोबांचा फोन आला, की आधी तो क्रमांक फिरवावा, बाकीचे बोलणे मग.