तिच्या खुणा कोण लिहून घेणार?



जिला ओरडता येत नाही, जिला समोरचा माणूस दिसत नाही किंवा जिचे बोलणे गाव ‘वेडीची बडबड’ म्हणून सोडून देते, तिच्या अंगावर हात टाकणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. ही सांगणार नाही, आणि सांगितले तरी कोणी मानणार नाही. अपंग बाईला असलेला जास्तीचा धोका या हिशेबातून येतो.

मी आलापल्ली भागात काम करते. मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत घरची माणसे पहाटेच जंगलात जातात. जिला चालता येत नाही ती एकटी मागे राहते. तिला जेवू घालणारा, हात धरून बाहेर नेणारा माणूसच अत्याचारी निघाला, तर तिने कोणाच्या आधाराने बोलावे?

आमच्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ‘तू ओरडली का नाहीस?’ हाच प्रश्न एखाद्या मुक्या बाईला विचारून पाहा, म्हणजे त्यातला क्रूरपणा कळेल.

१९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, असे कारण दिले गेले. स्त्री संघटनांनी विरोध केला तो योग्यच होता. गर्भाशय काढल्याने दिवस जाणे थांबते, बलात्कार थांबत नाही. उलट तो उघडकीला येण्याची एक वाटही बंद होते.

आज कायदा बराच पुढे आला आहे. २०१३ च्या दुरुस्तीने केलेली तरतूद २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. अपंग बाईची तक्रार पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषा वा विशेष शिक्षकासमोर नोंदवायची आणि तिचे चित्रीकरण करायचे. मुक्या बाईला न्यायालयात खुणांनी साक्ष देता येते. आंध्र प्रदेशातल्या एका जन्मांध दलित मुलीने आरोपीला आवाजावरून ओळखले होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची साक्ष मानली आणि अपंग बाईची साक्ष दुय्यम समजू नका, असे बजावले.

पण कायद्यातला हा दुभाषा आलापल्लीत आणायचा कुठून? जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून जास्त किलोमीटर दूर. घरात माडिया, कचेरीत मराठी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बहिऱ्या मुलीच्या खुणा तिने आणि तिच्या आईने मिळून घडवलेल्या असतात. मूकबधिर शाळेतल्या शिक्षिकेलाही त्या चटकन कळायच्या नाहीत. खुणांचे माडिया आणि माडियाचे मराठी, असे दोनदा भाषांतर व्हायला हवे. ते आईने करावे म्हटले आणि आरोपी तिचाच दीर असला, तर तिच्यावर घराचे किती दडपण येईल!

म्हणून माझे म्हणणे असे, की गुन्हा घडायची वाट पाहू नये. दुभाष्यांची आणि विशेष शिक्षकांची यादी प्रत्येक पोलीस ठाण्यात आधीपासून तयार असावी, आणि त्यात माडिया, गोंडी, तेलुगू जाणणाऱ्या बायका असाव्यात, अशी मागणी आपण लावून धरू. दुसरे काम आपल्याच हातात आहे. प्रत्येक गावात संघटनेच्या एका तरी बाईने बहिऱ्या मुलीच्या खुणा शिकून घ्याव्यात, आणि ‘नको’, ‘इथे हात लावला’, ‘तो माणूस’ हे सांगायच्या खुणा तिच्याबरोबर बसून ठरवाव्यात. घराबाहेरच्या कोणाला तरी हिची भाषा येते, हे गावाला दिसू द्या. मग अत्याचाऱ्याचा हिशेब चुकायला लागेल.

आपल्या गावात अशा किती जणी आहेत, ते पुढच्या बैठकीआधी पाहून ठेवा. आणि ती बैठक त्यांच्यापैकी एकीच्या अंगणात घ्या.