जुनी गाडी, नवा बुश आणि कारागिराची अमानत

चांदणी चौकातून निघालेला रस्ता भूगाव, पिरंगुट, पौड अशी गावे घेत मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी घाटात जातो व खाली माणगावला उतरतो. लवासाकडे जाणारा रस्ताही पिरंगुटलाच फुटतो. सुटीच्या दिवशी या रस्त्यावर पुण्यातील हौशी मंडळींच्या गाड्यांची वर्दळ असते. त्यात एखादी जुनी स्पोर्ट्स गाडीही असते. अशी गाडी दुरुस्तीला आली की आपले बरेचसे मिस्त्री बांधव मान हलवतात. "पार्ट मिळत नाही" म्हणून गाडी परत पाठवतात, नाहीतर काहीतरी जुळवाजुळव करून रवाना करतात. आमच्या मते या दोन्ही गोष्टींत आपल्या व्यवसायाचे नुकसान आहे.

उदाहरणादाखल ‘सॅन स्टॉर्म’ घ्या. आपल्याच देशात बनलेली ही दोन आसनांची स्पोर्ट्स गाडी १९९८ च्या सुमारास बाजारात आली. फायबरची बॉडी आणि रेनॉ कंपनीचे १.२ लिटरचे इंजिन. तिचे उत्पादन बंद पडून बरीच वर्षे झाली. प्रीमियर पद्मिनीचे तसे नव्हते. मुंबईची टॅक्सी म्हणून ती हजारोंनी धावत होती, त्यामुळे तिचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळत. थोड्या संख्येने बनलेल्या गाडीला ते भाग्य नाही. तिचा मालक नाना पेठेतून कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडपर्यंत फिरतो आणि शेवटी कारागिराच्याच हातावर विसंबतो. हा विसंबणे म्हणजेच अमानत होय.

आता कामाकडे वळू. अशा गाडीत सर्वांत आधी रबर जाते. गाडी कमी चालली असली तरी रबर वयाने कडक होते व तडकते. लोअर आर्मचे बुश सैल झाले की खड्ड्यात खडखड ऐकू येते, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतात. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवले आणि खेळ जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग तपासावे. शॉकअब्सॉर्बरवर तेल ओघळलेले दिसले किंवा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी पुन्हा पुन्हा डोलत राहिली, तर तो संपला असे समजावे. शॉकअब्सॉर्बर एकाच बाजूचा बदलू नये, समोरासमोरची जोडी बदलावी. एक नवा व एक जुना असला की वळणावर गाडीचा तोल बिघडतो.

यात एक चूक चांगले कारागीरही करतात. गाडी घोडीवर असताना, चाके लोंबत असतानाच बुशचे बोल्ट पूर्ण आवळतात. गाडी खाली आली की रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. गिऱ्हाईक म्हणते माल खराब होता, दुकानदार म्हणतो बसवणारा खराब होता. गाडीचे वजन चाकांवर आल्यावर मग बोल्ट आवळले, तर हा वादच उरत नाही. शेवटी व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये. आणि कॉइल स्प्रिंग उतरवताना कॉम्प्रेसर वापरावा. दोरी-साखळीने बांधलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते.

भाग मिळत नसेल तर काय करावे? बुश लेथवर बाहेरची नळी काढून नव्याने बनवता येतो. पॉलियुरेथेनचा बुशही चालतो. तो टिकतो जास्त, पण गाडी थोडी कडक होते आणि ग्रीस न लावल्यास कुरकुरतो. हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. मात्र बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, तडा गेलेला आर्म यांना वेल्डिंगचा टाका मारून गाडी सोडू नये. ताम्हिणीच्या ओल्या वळणावर तो टाका सुटला, तर गाडीतला माणूस आणि समोरून येणारा दुचाकीवाला, दोघांचाही हिशेब आपल्याला द्यावा लागेल. असे काम नाकारण्यात कमीपणा नाही.

सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तो आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. आपण विचारले, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. भंगारातला आर्म काळा रंग मारून नवा म्हणून विकणे, ही तीच राशीखालची ओल नव्हे काय? जुना माल विकणे हराम नाही. जुना आहे हे लपवणे हराम आहे.

येथे काही बांधव म्हणतील की हे सारे खरे, पण गिऱ्हाईक मजुरी देतच नाही. ही तक्रार खोटी नाही. दोन दिवसांच्या कामाला लोक दोनशे रुपये कमी करायला सांगतात. मग मिस्त्री मजुरी कमी सांगतो आणि ती मालाच्या किमतीत चोरून वसूल करतो. हीच सवय आपल्याला खाते आहे. मालाची किंमत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात विचारू शकते. एकदा फरक कळला की तो मालावरही विश्वास ठेवत नाही आणि हातावरही नाही. यापेक्षा मजुरी उघड व पुरी मागावी. बिलावर नवा, जुना आणि बनवलेला भाग वेगवेगळा लिहावा. काढलेले जुने भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावेत. फाटलेला बुश डोळ्यांनी पाहणारा माणूस मजुरीवर सहसा भांडत नाही.

हा धंदा वाढण्यासारखा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले, त्यात गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. म्हणजे जुनी गाडी नीट राखणाऱ्या हातांची गरज राहणारच. दोन-तीन गॅरेजवाल्यांनी भागीदारीत एक हायड्रॉलिक प्रेस आणि एक चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर घेतला तरी सुरुवात होईल. त्यासाठी व्याजी कर्जाची गरज नाही.

हुनर आपल्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याला खरेपणाची जोड मिळाली, तर हलाल रोजीत बरकत देणारा अल्लाह आहे.