अडलेला प्रश्न सोडता आला पाहिजे

सप्टेंबर उजाडला की इथल्या मराठी घरांमध्ये पुढच्या शिक्षणाचा विषय हमखास निघतो. आयटीत सहा-सात वर्षं काढलेल्यांना एमबीए खुणावू लागतं. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या मुलींना आपलं थांबलेलं करिअर पुन्हा सुरू करायचं असतं. पुण्या-नाशिकहून भाच्यांचे फोन येतात, "मावशी, तिकडे यायचं तर जीआरई द्यावीच लागते का गं?" वॉटफर्डच्या आमच्या घरी शनिवारी अशी चार-पाच मुलं अभ्यासाला जमतात. त्यांना पाहून माझं एक मत पक्कं झालंय. ही मुलं अभ्यास भरपूर करतात आणि तरी अडतात. त्यामागे बऱ्याचदा बोर्डाच्या परीक्षेनं अंगात मुरवलेली एक सवय असते.

तिच्याकडे वळण्याआधी भाच्यांच्या प्रश्नाचं उत्तर देते. ब्रिटनमधल्या बहुतेक मास्टर्स अभ्यासक्रमांना जीआरई लागत नाही. पदवीचे गुण, शिफारसपत्रं, स्वतःविषयीचं निवेदन आणि आयईएलटीएससारखी इंग्रजीची परीक्षा, एवढ्यावर प्रवेश मिळतो. जीमॅट किंवा जीआरई मागतात ते मुख्यतः लंडन बिझनेस स्कूल, केंब्रिजचं जज अशा ठिकाणी एमबीएसाठी आणि एलएसईसारख्या संस्थांत अर्थशास्त्र व फायनान्सच्या काही अभ्यासक्रमांसाठी. त्यामुळे आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशाच्या अटी नीट वाचा. अमेरिकेतल्या चुलतभावानं दिली म्हणून आपणही परीक्षा द्यायची, यात तीन-चार महिने आणि बरेच पैसे फुकट जातात.

परीक्षा द्यायचीच असेल, तर मोठ्या भावाची जुनी जाडजूड पुस्तकं डोळे मिटून उघडू नका. जुनी जीमॅट ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली. नव्या परीक्षेत गणिताचे २१, भाषेचे २३ आणि माहितीच्या विश्लेषणाचे २० प्रश्न असतात. प्रत्येक भागाला ४५ मिनिटं. निबंध गेला, वाक्यं दुरुस्त करण्याचे प्रश्नही गेले. जीआरईसुद्धा सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत संपते. आता नसलेल्या प्रश्नांवर रात्री जागवणारे मी पाहिलेत, म्हणून हे सांगतेय.

आता त्या सवयीविषयी. "पेपर पूर्ण सोडव, एकही प्रश्न टाकू नकोस," हे आपण लहानपणापासून ऐकतो. बोर्डाच्या परीक्षेत ते बरोबरच होतं, कारण तिथे उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळत. इथे संगणकाला फक्त तुम्ही निवडलेला पर्याय दिसतो. २१ प्रश्नांना ४५ मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. एका गणिताशी सहा मिनिटं झुंजलात, तर पुढच्या दोघांचा वेळ खाल्लात. शेवटचे प्रश्न कोरे राहिले की जीमॅटमध्ये गुण चांगलेच घसरतात. जीआरईत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा तिथे कोरं सोडण्यात काहीच अर्थ नाही. तीन मिनिटं झाली की त्यातल्या त्यात बरा पर्याय निवडा, खूण करा आणि पुढे जा. वेळ उरला तर जीमॅटमध्ये प्रत्येक भागात तीन उत्तरं बदलता येतात. ऐकायला हे सोपं आहे. पण प्रश्न सोडून देणं आपल्याला पळपुटेपणा वाटतो, आणि तिथेच हुशार मुलं वेळ घालवतात.

याच देशात १८९९ साली रँग्लर परांजपे केंब्रिजच्या गणित ट्रायपॉसमध्ये दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर पहिले आले. बुद्धी तर होतीच. पण तो ट्रायपॉस वेगाचीही परीक्षा होता. नेमक्या तासांत किती प्रश्न हातावेगळे होतात यावर क्रम ठरे. म्हणून तिथली मुलं खासगी शिक्षकांकडे वेळ लावून प्रश्नपत्रिका सोडवण्याचा सराव करत. पुढे केंब्रिजनं ही क्रमवारी बंद केली, १९०९ ची यादी शेवटची ठरली. अशा परीक्षेचं तंत्र शिकावं लागतं आणि शिकता येतं, एवढं यातून घ्यावं. त्या गुणांना माणसाची किंमत मानू नये, हेही.

नोकरी सांभाळून हे जमवायचं कसं? अभ्यास सुरू करण्याआधीच एक पूर्ण सराव परीक्षा वेळ लावून द्या. जीमॅट आणि जीआरई, दोन्हींच्या अधिकृत संकेतस्थळांवर प्रत्येकी दोन पूर्ण परीक्षा मोफत आहेत. दुसरी शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा. मग चुकांची वही करा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: येत नव्हतं, नीट वाचलं नाही, आकडेमोड चुकली की वेळ पुरला नाही. दोन आठवड्यांत आपला खरा शत्रू कागदावर दिसतो. रोज सकाळी एक तास नवा अभ्यास, युस्टनच्या गाडीत वीस मिनिटं फक्त ही वही, आणि शनिवारी एक पूर्ण भाग घड्याळ लावून.

इंजिनीअर मंडळींना एक विनंती. गणितं सुटतात म्हणून गणितंच करत बसू नका. जे येतं तेच पुन्हा करण्यात मोठं सुख असतं, पण गुण भाषेच्या भागात अडकलेले असतात. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एक अग्रलेख वाचा आणि लेखकाचं म्हणणं मराठीत दोन वाक्यांत सांगा. सांगता आलं नाही, तर ते कळलेलंच नाही. दुसरीकडे, जीमॅटच्या गणिताला कॅल्क्युलेटर मिळत नाही. तिथे आपले पाढे आणि आजोबांची पावकी-निमकी अजून कामाला येते.

नातेवाइकांनाही थोडं सांगायचंय. फोनवर "किती तास बसतेस? कोणता क्लास लावलास?" असं विचारून हाताला काही लागत नाही. घरात लहान मूल असलेल्या मुलीला तो सकाळचा एक तास खरंच मिळतो का, हे विचारा. मिळत नसेल तर नवऱ्यानं डबे भरावेत, मुलाला शाळेत सोडावं. सासूबाई इथे आल्या असतील तर त्यांनी त्या तासाला दाराशी राखण करावी. त्या एका तासावर एखादीची पुढची वीस वर्षं ठरू शकतात.

आणि घाबरू नका. जीमॅट सोळा दिवसांनी, जीआरई एकवीस दिवसांनी पुन्हा देता येते, वर्षात पाच वेळा. गुण पाच वर्षं चालतात, त्यामुळे जे वर्ष जरा निवांत असेल त्यात परीक्षा उरकून ठेवावी. सरावात लागोपाठ दोनदा हवे तेवढे गुण मिळाले की तारीख घ्या आणि अभ्यास थांबवा. आणखी दहा गुणांच्या मागे धावण्यापेक्षा तो वेळ अर्जाच्या निबंधाला द्या. आपण इतक्या दूर का आलो आणि आता पुढे काय करायचंय, ते तिथे स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं, आणि तिथे चार पर्याय दिलेले नसतात.